दोन छाटण्या, एक पीक : नाशिकच्या वाइन-द्राक्षांचे ऋतुचक्र

भारतीय वाइन-उद्योगाचा इतिहास सामान्यतः कारखाने, परवाने आणि विक्री यांच्या आधारे मांडला जातो. त्याची दुसरी बाजू वेलीच्या वार्षिक क्रमात सापडते. कॅबर्ने सोव्हिन्यो, शिराझ, शेनिन ब्लां ही वाणे युरोपीय परंपरेतून आली. परंतु नाशिक परिसरात त्यांचे वर्ष कसे चालावे, हे दख्खनच्या हवामानाने आणि येथील बागायतदारांनी ठरविले.

युरोपात हिवाळी थंडीने वेलीची पाने गळतात व ती सुप्तावस्थेत जाते. छाटणी एकदाच होते आणि बहुतेक द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडली जातात. सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरील नाशिकमध्ये वेल वर्षभर वाढू पाहते. तिला थांबविण्याचे काम कात्री करते. एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ होते. जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत कापल्या जातात आणि नव्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातील प्रकाश व उष्णतेमुळे पुढील घडांची निर्मिती होते. पावसाळ्यात केवडा आणि करपा यांपासून पाने वाचवीत काड्या पक्व केल्या जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरातील ‘गोडी छाटणी’ फळासाठी असते. तिच्यानंतर घड फुटतात, थंडीत मणी भरतात आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनची द्राक्षे खुडली जातात. छाटण्या दोन, पीक एक. कारण पावसात फळ सडते.

चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादला द्राक्षे वर्षातून दोनदा येत असल्याचे नोंदविले आहे. एवढ्यावरून आजच्या पद्धतीची परंपरा तिथवर नेता येत नाही. मात्र दख्खनमध्ये वेल दोनदा फुटते, हे निरीक्षण जुने आहे, एवढे निश्चित. त्यातून एकच खात्रीचे पीक घेण्याचे तंत्र खाण्याच्या द्राक्षांच्या बागायतदारांनी रुळविले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर वाइननिर्मिती वाढली, तेव्हा ती याच चौकटीत सामावली.

लहान वाइनरीत या चक्राचा ताण विशेष जाणवतो. तिचे वर्ष जेमतेम दहा-बारा आठवड्यांच्या खुडणीवर अवलंबून असते. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागते, मण्यांतील साखर वाढते व आम्लता घटते. म्हणून खुडणीचा दिवस चुकविता येत नाही. खुडणी पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते. टाक्या मोजक्याच असल्याने आधीच्या रसाचे किण्वन पूर्ण होईपर्यंत पुढची तोड घेणे अवघड होते. बागेत पुन्हा खरड छाटणी सुरू होते, तेव्हा कोठारात वाइन निवळत असते.

या क्रमाची जोखीम २००८ नंतर उघड झाली. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेलांकडील मागणी घसरली व वाइनरींत माल साचला. वाइनची द्राक्षे लहान मण्यांची, बियांची. खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नव्हते. अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. मागणी काही महिन्यांत मावळते. नवी बाग मात्र भरघोस पीक देण्यास दोन-तीन वर्षे घेते. या दोन कालगतींमधील अंतराची किंमत बागायतदाराने मोजली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट तर ऐन खुडणीच्या हंगामात आली.

म्हणून या उद्योगाचा इतिहास लिहिताना धोरणांच्या तारखांशेजारी खरड आणि गोडी या दोन छाटण्यांनाही स्थान द्यावे लागेल. बाटलीवर वाणाचे नाव फ्रेंच असते. त्या वाणाला येथे रुजविणारे शब्द मराठी आहेत.