युद्धविषयक अनुबोधपट

युद्धातील प्रत्यक्ष घटना, त्यांतून वाचलेल्या व्यक्ती आणि त्या व्यक्तींच्या जीवनावर झालेले युद्धाचे चिरकालीन परिणाम यांचे वास्तव दर्शन घडविणारे चित्रपट. प्रारंभी अशा अनुबोधपटांचा विषय रणभूमी हा होता. पुढे रणभूमीवरून परतलेला माणूस हा त्यांचा विषय झाला. हे स्थित्यंतर सहजासहजी घडले नाही. लढाईच्या चित्रणास शासनसंस्थांनी उत्तेजन दिले. युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या देहमनांचे चित्रण मात्र त्यांनी अनेकदा दडपून ठेवले.

जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅकडॉवेल यांनी चित्रित केलेला द बॅटल ऑफ द सॉम (१९१६) हा या प्रकारातील आद्य महत्त्वाचा चित्रपट. सॉमची लढाई चालू असतानाच तो ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला व लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिला. खंदकातून बाहेर पडून चाल करणाऱ्या सैनिकांचे त्यातील गाजलेले दृश्य मुद्दाम घडवून आणलेले होते. जखमी व मृत सैनिकांची दृश्ये मात्र खरी होती. याच युद्धाच्या काळात आर्थर हर्स्ट या वैद्याने नेटली व सील हेन येथील लष्करी रुग्णालयांत वॉर न्यूरोसेस (१९१७-१८) हा वैद्यकीय चित्रपट तयार करविला. सैनिकांचे कंप पावणारे अवयव व अडखळती चाल यांची त्यात नोंद आहे. परंतु तो मूक असल्याने रुग्णांचे स्वतःचे कथन त्यात नाही.

ही उणीव जॉन ह्यूस्टन (१९०६–८७) याच्या लेट देअर बी लाइट (१९४६) या अनुबोधपटाने भरून काढली. अमेरिकन लष्करासाठी त्याने तो न्यूयॉर्क राज्यातील मेसन जनरल हॉस्पिटलमध्ये चित्रित केला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले मनोरुग्ण सैनिक त्यात डॉक्टरांशी बोलताना दिसतात. कोणाची वाचा अडखळते, कोणाचे पाय लुळे पडले आहेत, कोणाची स्मृती नष्ट झाली आहे. संमोहन व औषधे यांच्या साहाय्याने त्यांच्यावर होणारे उपचारही त्यात दाखविले आहेत. लष्कराने मात्र या चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन रोखले. रुग्णांच्या खाजगी जीवनाचे संरक्षण हे कारण त्यासाठी देण्यात आले. युद्धामुळे सैनिक अधिक कणखर होतो, ही प्रतिमा जपणे हेच खरे कारण होय, असे ह्यूस्टनचे मत होते. सुमारे ३५ वर्षांनंतर, १९८० च्या अखेरीस, ही बंदी उठली.

हीरोशीमा व नागासाकी येथे जपानी चित्रपथकाने १९४५ मध्ये केलेले चित्रणही अमेरिकेने ताब्यात घेतले होते. त्याची प्रत जपानला १९६७ मध्ये परत मिळाली. या चित्रणाच्या आधारे एरिक बार्नो याने हीरोशीमा-नागासाकी, ऑगस्ट १९४५ (१९७०) हा लघुपट सिद्ध केला.

फ्रान्समध्ये ॲलँ रेने याने नाइट अँड फॉग (१९५६) या अनुबोधपटात छळछावण्यांची जुनी कृष्णधवल दृश्ये आणि त्याच ओसाड जागांची रंगीत दृश्ये एकत्र गुंफली. त्याचे निवेदन छळछावणीतून वाचलेल्या झां केरॉल या लेखकाने लिहिले. क्लोद लांझमान याने शोआ (१९८५) या नऊ तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात जुनी दृश्ये पूर्णतः वर्ज्य केली व केवळ वाचलेल्यांच्या, साक्षीदारांच्या आणि अपराध्यांच्या कथनांवर भर दिला. साक्ष हाच पुरावा, ही भूमिका त्यातून दृढ झाली.

भारतीय उपखंडात झहीर रायहान याचा स्टॉप जेनोसाइड (१९७१) आणि एस्. सुखदेव यांचा नाइन मंथ्स टू फ्रीडम (१९७२) हे बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामावरील उल्लेखनीय अनुबोधपट होत. त्या संग्रामात अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांनी लीसा गाझी यांच्या रायझिंग सायलेन्स (२०१८) मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर, स्वतःची कहाणी सांगितली. मुंबईचे आनंद पटवर्धन यांनी जंग और अमन (२००२) या चित्रपटात भारत-पाकिस्तानांतील अण्वस्त्रस्पर्धेच्या संदर्भात जपानमधील अणुबाँबपीडितांच्या साक्षीही समाविष्ट केल्या. परीक्षण मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २००३ मध्ये तो काटछाटीविना संमत झाला.

अशा चित्रणातील नैतिक प्रश्न गुंतागुंतीचा आहे. पीडिताच्या वेदनेचे प्रदर्शन मांडणे अनुचित, तर तिच्यावर पडदा टाकणेही अन्यायाचेच. लेट देअर बी लाइटच्या बाबतीत पुढे केलेले खाजगीपणाचे कारण मूलतः गैर नव्हते. तथापि आपली कहाणी सांगावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ती भोगणाऱ्याचा असतो, संस्थेचा नव्हे. या अधिकाराची जाण, हा या चित्रपटप्रकाराच्या शतकभराच्या वाटचालीचा महत्त्वाचा वारसा होय.