गॅन्ट्री: ओझ्याच्या घोड्यापासून क्रेनच्या रुळापर्यंत

सतारीच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला आपण घोडी म्हणतो. सुतार-रंगारी ज्यावर चढून काम करतात तीही घोडीच. पाठीवर भार घेऊन निमूट उभं राहणाऱ्या वस्तूला जनावराचं नाव द्यायची रीत जुनी आहे, आणि ती फक्त आपली नाही. लॅटिनमध्ये 'कँथेरियस' म्हणजे ओझी वाहणारा, खच्ची केलेला घोडा. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस छपराच्या वाशांनाही हाच शब्द लावतो. फ्रेंचच्या वाटेने तो इंग्लंडात पोचला, तेव्हा पिंपं ठेवायच्या लाकडी घडवंचीला 'गॅन्ट्री' म्हणू लागले. आज चिंचवडपासून बुटीबोरीपर्यंतच्या कारखान्यांत ईओटी, म्हणजे डोक्यावरून फिरणारी विजेची क्रेन ज्या लोखंडी तुळयांवरून धावते, त्या गॅन्ट्री गर्डरच्या नावात तोच घोडा आहे.

पहिल्या गॅन्ट्र्या लाकडाच्याच होत्या. 1840च्या दशकात लंडनला नेल्सनचा स्तंभ उभारताना भोवती तासलेल्या चौकोनी ओंडक्यांची भक्कम परांची रचली आणि माथ्यावर सरकती क्रेन ठेवली. तिथे क्रेन माणसांच्या बळावर, सावकाश सरके. अशा चालीला लाकूड पुरतं.

चाल बदलली ती इंग्लंडमधल्या क्रू गावच्या रेल्वे कारखान्यात. पिस्टन रिंगमुळे ओळखला जाणारा इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम याने 1861च्या सुमारास तिथल्या क्रेनला कारखान्याच्या इंजिनाची शक्ती जोडली, तीही एका बारीक, अतिवेगाने फिरणाऱ्या सुती दोराने. पुढे विजेची मोटर आली आणि दोर गेला. पण ओझं यंत्राच्या वेगाने सरकू लागलं आणि यंत्राच्या झटक्याने थांबू लागलं, ते तेव्हापासून. गॅन्ट्रीचा पुढचा सगळा इतिहास या झटक्याचा आहे. वजन पेलणं तिला आधीपासून येत होतं. धक्का सोसायला ती शिकली.

हे शिक्षण समजून घ्यायचं तर जर्मनीतल्या रूर नदीकाठच्या वेटर गावी जावं लागतं. तिथे लुडविग श्टुकेनहोल्झच्या कारखान्यात रुडॉल्फ ब्रेट नावाचा इंजिनिअर क्रेन बांधत होता. पेटीसारख्या बंद तुळईला पीळ बसला तर तिच्या पत्र्यांत किती ताण येतो, याचं सूत्र त्याने 1896 मध्ये मांडलं. ते आजही ब्रेटच्याच नावाने शिकवतात. घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. खपट्याचा लांबट डबा सगळ्या बाजूंनी चिकटवून बंद करा आणि दोन हातांनी पिळा. तो दाद देणार नाही. मग त्याची एक कड उभी चिरा आणि पुन्हा पिळा. हाच फरक पेटीच्या आणि उघड्या आय आकाराच्या गर्डरमध्ये असतो.

मोठ्या क्रेनचा पूल, म्हणजे दोन बाजूंच्या गॅन्ट्र्यांवर टेकून धावणारी आडवी तुळई, आज बहुधा पेटीच्या आकाराचा करतात. खालची गॅन्ट्री मात्र बहुतेक शेडमध्ये उघडा आय आकारच राहिली, आणि म्हणून तिला वरून आधार द्यावा लागला. पुढच्या वेळी मान वर करून नीट बघा: आयच्या माथ्यावर एक चॅनल पालथं घातलेलं दिसेल. समजा, हुकाला 20 टन आहेत आणि हुक घेऊन पुलावरून सरकणारी ट्रॉली 4 टनांची आहे. ट्रॉलीने ब्रेक मारला की आडवा धक्का बसतो. आपल्या भारतीय मानकांप्रमाणे विजेच्या क्रेनसाठी तो या एकूण वजनाच्या 10 टक्के धरतात, म्हणजे 2.4 टन. हा धक्का चाकाकडून रुळाला आणि रुळाकडून गर्डरच्या वरच्या पट्ट्याला मिळतो. पालथं चॅनल आहे ते त्याच्यासाठी. क्रेन फार मोठी असेल तर गर्डरच्या शेजारी आडवा सर्ज गर्डर जोडतात, आणि देखभालीची माणसं त्याचीच पायवाट करतात. उभ्या दिशेने चाकाच्या भारात झटक्यापोटी 25 टक्के वाढ धरतात. शिवाय 50 टनांपर्यंतच्या क्रेनखाली साडेसात मीटरचा गर्डर 10 मिलिमीटरहून अधिक वाकता कामा नये. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं तसा नवा शत्रू पुढे आला: धातूचा थकवा. चाक दिवसातून शेकडो वेळा त्याच जागेवरून जातं. रूळ मधोमध नसेल तर प्रत्येक फेरीला वरचा पट्टा किंचित पिळवटतो आणि उभ्या पत्र्याच्या जोडावर केसाएवढा तडा जातो. म्हणून जड कामाच्या गॅन्ट्रीवर रूळ वेल्ड करून जखडत नाहीत. क्लिपांनी धरतात, खाली रबरी पट्टी घालतात. तो लांबीत थोडा सरकू शकतो, बाजूला मात्र जात नाही.

तुमच्या शेडमध्ये पाइप टांगायला गॅन्ट्रीच्या खालच्या पट्ट्यावर कुणी वेल्डिंगचा होल्डर घेऊन चढत असेल, तर त्याला आधी खाली बोलवा. क्रेन गेली की तो पट्टा ताणला जातो, आणि बोटभर टाकाही तडा सुरू व्हायला पुरतो. पाइपाला क्लॅम्प लावा.