डोंगरचे लोणी, शहराचे दूध

भोर-वेल्ह्याचे नाव निघाले की आधी राजगड-तोरणा आठवतात, मग पंत सचिवांचे संस्थान, मग आंबेमोहोर तांदूळ. या मुलखाच्या उदरनिर्वाहात म्हशीचा वाटा किती मोठा आहे, हे फार कमी वेळा सांगितले जाते. गडांवर पुष्कळ लिहिले गेले. गडाच्या सोंडेवरून डोक्यावर लोण्याचे मडके घेऊन उतरणाऱ्या गवळी-धनगरांनाही त्याच आस्थेने वाचायला हवे, आणि ते वाचन रंजक आहे, अशी माझी खात्री आहे.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकांनी सुरुवात भूगोलापासून करावी. सह्याद्रीच्या या भागात खोऱ्यात कुणब्यांची भातखाचरे आणि वरच्या सपाट्यांवर गवळ्यांचे वाडे, अशी पूर्वापार मांडणी होती. गवळी दुधाचे दही लावत, घुसळून लोणी काढत. लोणी खाली जाऊन धान्य वर येई आणि ताक घरात राही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी-धनगरांवरचा आपला अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीत हे ताकच महत्त्वाचे ठरते. ताकातून प्रथिने मिळत असल्याने गवळ्यांना शिकारीची फारशी गरज पडत नव्हती. शिकार करत ते खोऱ्यातले कुणबी. एकाच डोंगरावर दोन समाज एकमेकांच्या वाटेत न येता जगत होते.

लोणीच का, हे एकदा नीट समजून घ्या. पुढचे सारे त्यातून उलगडते. म्हशीच्या साधारण चौदा-पंधरा लिटर दुधातून एक किलो तूप निघते. पायवाटेने एवढे दूध वाहून न्यायचे म्हणजे एका माणसाचे पुरते ओझे, शिवाय उन्हात ते बाजार गाठण्याआधीच नासणार. तेच लोणी किंवा तूप करून नेले तर ओझे हलके होते आणि माल टिकतो. डोंगरावरून काय विकायला निघावे, हे म्हशीइतकेच वाटेनेही ठरवले होते.

वाट बदलली तसा मालही बदलला. रस्ते झाले, चहाची दुकाने वाढली, पुण्याची दुधाची भूक वाढत गेली. मग घुसळण्यापेक्षा दूधच विकणे फायद्याचे झाले. किटली आणि कॅन खाली जाऊ लागले, डेअरीला दूध घालणे हा रोजचा धंदा झाला आणि फॅटवर भाव मिळू लागला. रोख पैसा हातात खेळू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. त्यावर मुलांच्या शाळा झाल्या, घरे उभी राहिली. मात्र ताक घरातून गेले. गाडगीळ-मल्होत्रांनी ही बाजूही नोंदवली आहे: दूध विकले जाऊ लागल्यावर गवळीही शिकारीकडे वळले. त्यातच धरणे आली. भाटघरचे धरण 1920 च्या दशकात पूर्ण झाले, पुढे पानशेत आणि वरसगाव झाले. धरणांत खोऱ्यातली भातखाचरे बुडाली आणि गवळ्याला धान्य देणारे शेजारीही विस्थापित झाले. दुधाच्या धंद्याच्या वाढीबद्दल वाचताना हा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धनगरांच्या देवतांकडे वळायचे असेल तर ग्युंथर सोंथायमर यांचे लेखन हाती घ्यावे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यातून कळपाचे आणि चराईचे जग उलगडते. पण पुस्तकांवरच थांबू नका. भोरच्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर पहाटे जाऊन उभे राहा. कोणत्या वाडीचे दूध किती वाजता येते, पावसाळ्यात कोणत्या वाडीचे येईनासे होते, भाकड म्हशीचा खर्च कोण सोसते, हे विचारा. जुनी माणसे लोण्याच्या दिवसांविषयी आपणहून बोलतील. ती आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्या, एवढीच वाचकांना विनंती.