कुलूप आकाशात, गळती गल्लीत

1991 साली स्टार टीव्ही आला आणि पुणे असो वा बंगळूर, गच्च्यागच्च्यांवर केबलचालकांच्या डिश अँटेना उभ्या राहिल्या. आरंभी हे प्रक्षेपण खुले होते; पुढे सशुल्क वाहिन्यांनी आपले संकेत कूटबद्ध केले. हे कुलूप उघडे ते केबलचालकाच्या नियंत्रण कक्षात. तेथील डिकोडरमधून बाहेर पडलेले चित्र साध्या अ‍ॅनालॉग तारेतून घरोघरी जाई. घरे किती, हे सांगणारा एकटा चालकच. समजा, शंभर जोडण्या असून त्याने वीसच दाखवल्या, तर वाहिनीचे शुल्क बुडे आणि जोडणीमागे आकारला जाणारा राज्याचा करमणूक करही बुडे.

1995 च्या केबल कायद्याने चालकांची नोंदणी सक्तीची केली. ग्राहक मोजण्याचे साधन मात्र दिले नाही. ते सेट-टॉप बॉक्सच्या रूपाने आले. 2003 मध्ये चेन्नईत ‘कॅस’ लागू झाली. 2011 च्या कायदादुरुस्तीनंतर बंगळूर व पुण्यासह 38 शहरांना 31 मार्च 2013 ही मुदत मिळाली. कुलूप आता ग्राहकाच्या घरात आले.

तरीही चोरीला वाट उरलीच. बॉक्समधील कार्डातून मिळणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. परंतु एका कार्डाची किल्ली इंटरनेटवरून अनेकांना तत्क्षणी पुरवता येते. त्यासाठी गुप्तलिपी फोडावी लागत नाही.

प्रशासनासाठी यातील बोध जुनाच आहे. हिशेब देणाऱ्याचा लाभ तो लपवण्यात असेल, तेथे मोजणी दुसऱ्याच्या हाती असावी लागते. कुलपाची मजबुती हा त्यानंतरचा प्रश्न.