यंत्रबदलाचे गणित आणि बुलडाणा जिल्ह्यातील जिनिंग उद्योग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जलंब-खामगाव लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबई बंदराची वाट अधिक सुलभ झाली. पुढे खामगाव, मलकापूर येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांतील जुनी यंत्रे केव्हा बदलावीत, या प्रश्नाचा गणित व इतिहास या दोन्ही अंगांनी विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

सिद्धांताची वाटचाल :
हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२५ मध्ये घसाऱ्याचा गणिती सिद्धांत मांडला. रिचर्ड बेलमन यांनी १९५५ मध्ये गतिमान प्रायोजनाच्या साहाय्याने यंत्रबदलाचे धोरण सूत्रबद्ध केले. त्याचा साधा नियम असा : पुढील वर्षाचा चालू खर्च आजवरच्या सरासरी वार्षिक खर्चाहून अधिक होत असेल, तर यंत्र बदलावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्राची किंमत ६० हजार रुपये, मोडीत किंमत शून्य आणि वार्षिक खर्च अनुक्रमे १०, १५, २०, २५, ३० व ४० हजार मानल्यास पाचव्या वर्षी सरासरी ३२ हजार, म्हणजे किमान होते. सहाव्या वर्षाचा खर्च ४० हजार असल्याने पाच वर्षांनंतर यंत्र बदलणे इष्ट ठरते. अनुदानामुळे किंमत ४५ हजार झाली, तर किमान सरासरी चौथ्याच वर्षी येते. अनुदान यंत्राचे इष्टतम आयुष्य कमी करते, हे यावरून दिसते.

ऐतिहासिक विवेचन :
नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (१८७७) जमशेटजी टाटांनी आरंभीची हलकी यंत्रे लवकरच बदलली. तेथे झिजेपेक्षा नव्या तंत्राचा लाभ निर्णायक होता. जिनिंगमध्ये मात्र रोलरवरील चामड्याच्या चकत्या व सुऱ्या झिजल्या की रुईची प्रत घसरते. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. जेथे जिनधारकास सरकी काढण्याची मजुरी मिळते आणि रुई दुसऱ्याची असते, तेथे प्रतीचे नुकसान त्याच्या हिशेबवहीत येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनिंगच्या आधुनिकीकरणास अनुदान दिले, त्याचे महत्त्व येथे आहे.

निष्कर्ष :
सूत्र निर्दोष असले तरी खर्चात काय धरावयाचे, हे समाजव्यवस्था ठरवते. घसरलेल्या प्रतीचा भुर्दंड अखेर कापूस उत्पादकावर पडतो. तो चालू खर्चात धरल्यास यंत्रबदलाचे वर्ष अलीकडे येते. म्हणून यंत्रबदल हा केवळ कारखानदाराचा नव्हे, तर शेतकऱ्याच्याही हिताचा प्रश्न ठरतो.