रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते? ‘वात’ म्हणून सोडू नका, मनगटातली नस तपासून घ्या

रात्री दोन-अडीचला जाग येते. हाताला मुंग्या आलेल्या असतात, बोटं जळजळतात, हात जड झाल्यासारखा वाटतो. उठून बसायचं, हात चार-पाच वेळा झटकायचा, खाटेखाली लोंबता सोडायचा, की थोड्या वेळाने बरं वाटतं. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. सकाळी धार काढताना, भाकरी थापताना बोटं ऐकत नाहीत. गावागावात ही तक्रार ऐकू येते, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या बायकांची जास्त. ‘वात आहे’, ‘अशक्तपणा आहे’, ‘हात अंगाखाली आला असेल’ असं म्हणून विषय तिथेच सोडला जातो.

बऱ्याच वेळा हा आजार मनगटातल्या दबलेल्या नसेचा असतो. डॉक्टर त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. लवकर ओळखला तर पुष्कळ जणांना रात्रीच्या साध्या पट्ट्यानेही आराम पडतो. उशीर झाला तर ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

मनगटात नेमकं काय होतं?

तळहात वर करून पाहा. मनगट आणि तळहात मिळतात तिथे आत एक अरुंद बोगदा असतो. तळाला आणि बाजूंना हाडं, वरून जाड, फारसा न ताणणारा आडवा पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या ९ दोऱ्या म्हणजे स्नायूबंध जातात आणि त्यांच्यासोबत एक नस जाते, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की बोगद्यात जागा उरत नाही. दोऱ्या चिवट असतात, नस मऊ असते. म्हणून ती चेपते. ठिबकची नळी दगडाखाली दबली की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच बोटांचं होतं.

झोपेत मनगट नकळत मुडपलं जातं आणि बोगद्यातला दाब आणखी वाढतो. म्हणून त्रास रात्री जास्त.

ओळखायचं कसं?

कोणती बोटं बधिर होतात ते नीट बघा. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या आणि हात झटकल्यावर आराम, ही या आजाराची मोठी खूण.

पुढच्या खुणाही लक्षात ठेवा:

- गाडी चालवताना किंवा फोन कानाला धरल्यावर हात बधिर होणे
- हातातून कप, चमचा, खुरपं निसटणे
- बटण लावताना, सुईत दोरा ओवताना, नोटा मोजताना चाचपडणे
- अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसणे. ही उशिराची खूण आहे.

घरी एक चाचणी करता येते. दोन्ही हातांचे पंजे पाठीला पाठ लावून, बोटं जमिनीकडे करून १ मिनिट धरा. त्याच बोटांना मुंग्या आल्या तर संशय घ्यायला जागा आहे. पण मुंग्या आल्या नाहीत म्हणून आजार नाहीच, असं समजू नका.

कुणाला जास्त धोका?

पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, आमवात, वाढलेलं वजन, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर यातही होतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगावर सूज येते तेव्हा कित्येकींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो.

जोराने मूठ आवळणं, मनगट वाकडं ठेवणं आणि तेच तेच काम तासन् तास करणं हे तिन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. छाटणीची कात्री, खुरपणी, हाताने धार काढणं, ऊसतोडीचा कोयता, पाठीवरच्या पंपाचा दांडा, सगळ्यात हेच असतं. पॉवर टिलरसारख्या हादरे देणाऱ्या यंत्राने भर पडते.

आमच्या घरातला अनुभव

माझ्या आईच्या बाबतीत आम्ही दोन वर्षं घालवली. आधी तेल चोळलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मनगट चोळून घेतलं, मग ताकदीची इंजेक्शनं झाली. रात्री ती ओट्यावर हात झटकत बसायची आणि आम्ही वय झालं म्हणायचो. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं तोवर अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाला होता. रक्त तपासलं तर साखरही वाढलेली निघाली. ऑपरेशननंतर तिला रात्रीची झोप लागली. पण चिमटीत सुई आजही धरता येत नाही. दोन वर्षं आधी नेलं असतं तर, हे मनातून जात नाही. म्हणून हे लिहिलं.

उपचार काय?

रात्रीचा पट्टा : सुरुवातीच्या त्रासात हा पहिला उपाय. आत कडक पट्टी असलेला, मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट घ्या. नुसता ताणाचा बँडेज गुंडाळून उपयोग नाही. करकचून बांधू नका, बोटं मोकळी हलली पाहिजेत. रोज रात्री, निदान ६ आठवडे वापरा. चार दिवसांत सोडून ‘गुण नाही’ म्हणू नका.

तपासण्या : साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. नस किती दबली हे कळायला नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी असते. त्यात हलका करंट देऊन नसेचा वेग मोजतात.

मनगटातलं इंजेक्शन : स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सूज उतरते आणि काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. त्रास पुन्हा येऊ शकतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, काही दिवस साखर वाढते. हे इंजेक्शन जाणकार डॉक्टरकडूनच घ्यावं.

ऑपरेशन : बधिरपणा कायमचा झाला, अंगठ्याचा जोर कमी झाला किंवा वरच्या उपायांनी भागलं नाही तर ऑपरेशन. हात बधिर करून तो आडवा पट्टा कापतात आणि नस मोकळी होते. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, पण मुठीचा जोर यायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर जड कामाला घाई नको. त्यामुळे तारीख शक्यतो छाटणीच्या किंवा सुगीच्या हंगामाबाहेर घ्या, मात्र अंगठ्याचं मांस बसायला लागलं असेल तर हंगामाची वाट बघू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी विचारा.

हे करू नका

- मनगट जोरात चोळून घेणे, ओढून घेणे
- दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून महिनोन् महिने खाणे. नसेवरचा दाब त्याने जात नाही, वर पोट आणि किडनीला त्रास.
- बधिर हाताने चुलीजवळ काम करताना बेफिकीर राहणे. चटका बसलेला कळत नाही.

कामात काय बदल करता येईल?

कात्रीला धार ठेवा, बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो. खुरप्याची मूठ बारीक असेल तर कापड गुंडाळून जाड करा. मनगट सरळ ठेवून काम करायची सवय लावा. तासाभराने पाच मिनिटं हात मोकळा सोडा, काम आलटून पालटून करा. जनावरं जास्त असतील तर धारेचं काम एकाच माणसावर टाकू नका.

वेगळा आजार असू शकतो

फक्त करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर कोपरातली नस, मानेपासून हातात कळ येत असेल तर मणका आणि दोन्ही पाय आधी बधिर झाले असतील तर मधुमेह, अशी कारणं बघावी लागतात. आणि अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो लकवा असू शकतो. तिथे पट्टा-बिट्टा बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

घरातलं कुणी रात्री उठून हात झटकत असेल तर उद्या सकाळी एवढंच विचारा, करंगळीलाही मुंग्या येतात का? नाही म्हणाले तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवून घ्या.