कोणाच्या नजरेवर विसंबावे? चित्रपट समीक्षक आंद्रे बाझां यांच्या निमित्ताने

रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरताना धर्मगुरूला नाना प्रश्न विचारले जातात. त्यांतला एक प्रश्न गेली अनेक वर्षे माझा पाठलाग करीत आहे. "फादर, हा सिनेमा मुलांना दाखवायला हरकत नाही ना?" बहुतेक वेळा तो चित्रपट मी पाहिलेला नसतो आणि तसे मी सांगतो. एका मातेने त्यावर सरळ विचारले, "मग आम्ही ऐकायचे तरी कोणाचे?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे इतिहासाची पाने चाळताना ध्यानात आले की, हाच प्रश्न विसाव्या शतकात साऱ्या ख्रिस्तसभेला पडला होता आणि त्याची दोन अगदी निराळी उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर यादीचे होते. १९३४ साली अमेरिकेतील बिशपांच्या पुढाकाराने 'लीजन ऑफ डिसेन्सी' ही संघटना उभी राहिली. तिचे परीक्षक चित्रपट पाहून त्यांची प्रतवारी लावीत. 'अ' वर्गातील चित्रपट निर्धोक, 'ब' वर्गातील अंशतः आक्षेपार्ह आणि 'क' वर्गातील निषिद्ध. भाविक मंडळी चर्चमध्ये उभी राहून अनिष्ट चित्रपटांपासून दूर राहण्याची शपथ घेत. २९ जून १९३६ रोजी पोप पायस अकरावे यांनी 'व्हिजिलान्ती कुरा' हे परिपत्रक काढून या कार्याची प्रशंसा केली आणि देशोदेशीच्या बिशपांना अशीच परीक्षण कार्यालये स्थापण्याची सूचना केली. चांगल्या चित्रपटाच्या अंगी माणसाला उन्नत करण्याचे सामर्थ्य असते, हेही त्या परिपत्रकात आवर्जून म्हटले आहे. आपण मात्र त्यातील निषेधाचाच भाग अधिक लक्षात ठेवला.

या यादीची टिंगल करणे सोपे आहे. परंतु दिवसभर राबून थकलेल्या आईबापांना प्रत्येक चित्रपट आधी स्वतः पाहून येणे शक्य नव्हते. त्यांना यादीचा आधार होता. उणीव एवढीच की, यादी निकाल सांगते, निकालामागील पाहणे सांगत नाही. वाचक दहा वर्षे यादी वाचीत राहिला, तरी त्याची स्वतःची नजर तयार होत नाही.

ही उणीव 'द मिरॅकल' या चित्रपटाच्या वेळी उघडी पडली. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा हा १९४८ सालचा लघुपट. शेळ्या राखणारी एक भोळी स्त्री वाटेत भेटलेल्या अनोळखी पुरुषाला संत योसेफ समजते, त्याच्याकडून फसवली जाते, गरोदर राहते आणि गावाची कुचेष्टा सोशीत अखेर एका चर्चच्या आश्रयाला बाळंत होते. डिसेंबर १९५० मध्ये तो न्यूयॉर्कला दाखल झाला. लीजनने त्यावर निषिद्धतेचा शिक्का मारला आणि जानेवारी १९५१ मध्ये कार्डिनल स्पेलमन यांनी भाविकांना त्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. चित्रपटगृहाबाहेर निदर्शने झाली. त्याच वेळी 'कॉमनवील' या कॅथलिक नियतकालिकाने या मोहिमेविषयी जाहीर नापसंती दर्शवली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ साली न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. एकाच श्रद्धेच्या माणसांपैकी एकाला त्या कथेत देवनिंदा दिसली, तर दुसऱ्याला टाकून दिलेल्या स्त्रीचे दुःख. अशा वेळी यादीजवळ सांगण्यासारखे काहीच उरत नाही. पाहावे कसे, हे सांगणारा कोणी लागतो.

असा एक मनुष्य त्याच काळात फ्रान्समध्ये लिहीत होता. आंद्रे बाझां यांचा जन्म १९१८ साली आंझे या गावी झाला. त्यांना शिक्षक व्हायचे होते. शिक्षण पूर्ण झाले, पण बोलताना ते अडखळत. त्या तोतरेपणामुळे तोंडी परीक्षेत ते नापास झाले आणि वर्गाचे दार बंद झाले. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाच्या त्या अंधाऱ्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी फिल्म क्लब चालवला. युद्धानंतर ते कामगारांना चित्रपट दाखवीत आणि नंतर त्यांच्याशी चर्चा करीत. शिक्षकाची नोकरी हुकली, तरी शिकवणे काही सुटले नाही. कॅथलिक विचारवंत एमान्युएल मूनिए यांनी १९३२ साली काढलेल्या 'एस्प्री' या नियतकालिकात त्यांनी महत्त्वाचे लेख लिहिले. एप्रिल १९५१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी 'काइये द्यु सिनेमा' हे मासिक सुरू केले.

बाझां यांच्यावर विश्वास का ठेवावा? माझ्या मते त्याची तीन कारणे आहेत आणि कोणत्याही समीक्षकाला ती कसोटी म्हणून लावता येतील.

पहिले कारण असे की, ते आपल्या गटाच्या सोयीने लिहीत नसत. १९४९ साली त्यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज' या चित्रपटावर लेख लिहिला. सायकल चोरीला गेल्यामुळे रोजगार गमावू पाहणाऱ्या मजुराची ही कथा. तिच्यामागील विचार डावा आहे, हे ओळखूनही त्यांनी तिची मनापासून थोरवी गायिली. त्या चित्रपटात चर्चमधील धर्मादाय मंडळींचे चित्रण काही गौरवाचे नाही, तरीही कॅथलिक बाझां रागावले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी स्टॅलिनला देवत्व बहाल करणाऱ्या सोव्हिएत चित्रपटांची कठोर चिकित्सा केली आणि ज्या साम्यवादी मित्रांसोबत ते काम करीत, त्यांचा रोष ओढवून घेतला.

दुसरे कारण म्हणजे ते स्वतःच्या मासिकालाही सूट देत नसत. 'काइये'तील तरुण लेखकांनी आवडत्या दिग्दर्शकांचे देव्हारे मांडले होते. अमुक दिग्दर्शकाचा चित्रपट म्हणजे तो थोरच असणार, असा त्यांचा बाणा. एप्रिल १९५७ मध्ये बाझां यांनी त्याच मासिकात लेख लिहून या व्यक्तिपूजेचे धोके दाखवून दिले. चित्रपट ज्याला सर्वाधिक आवडला असेल त्यालाच त्यावर लिहायला देण्याचा 'काइये'चा रिवाज होता; त्या रिवाजाचे गुण आणि दोष, दोन्ही त्यांनी मान्य केले. मित्रांवर प्रेम करायचे आणि त्यांची चूकही सांगायची, हे किती अवघड असते, ते धर्मग्रामात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

तिसरे कारण त्यांच्या जगण्यात आहे. फ्रान्स्वा त्रूफो नावाचा एक पोरका वृत्तीचा मुलगा फिल्म क्लबच्या पायी कर्जबाजारी होऊन बालसुधारगृहात गेला होता. बाझां यांनी त्याला सोडवून काम दिले. पुढे तो सैन्यातून पळाला व कैदेत पडला, तेव्हाही त्यांनीच धावपळ करून त्याची सुटका करवली आणि बाझां पतिपत्नींनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. जो मनुष्य हाडामांसाच्या मुलाकडे असा पाहू शकतो, तो पडद्यावरच्या मुलाकडेही उथळपणे पाहणार नाही, असे मानायला हरकत नसावी. त्रूफो यांच्या पहिल्या दीर्घ चित्रपटाचे चित्रीकरण १० नोव्हेंबर १९५८ रोजी सुरू झाले. त्याच रात्री ल्युकेमियाने आजारी असलेल्या बाझां यांचा अंत जवळ आला आणि ११ नोव्हेंबरला ते निवर्तले. वय अवघे चाळीस. एका दुर्लक्षित मुलाची कथा सांगणारा तो चित्रपट, 'द फोर हंड्रेड ब्लोज', त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे.

मला स्वतःला बाझां यांची ओढ लागली ती रोबेर ब्रेसाँ यांच्या 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' या १९५१ सालच्या चित्रपटावरील लेखामुळे. खेड्यातला एक आजारी, एकाकी तरुण धर्मगुरू, हा त्याचा नायक. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर केवळ क्रूसाची आकृती उरते आणि त्या धर्मगुरूच्या मृत्यूची हकिगत आवाजाने ऐकू येते. चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा तो मला संथ वाटला होता. बाझां यांचा लेख वाचल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा उमजले की, जेथे चित्र दाखवणे थांबते, तेथेच पाहणाऱ्याने आत वळावे, अशी ती योजना आहे. लेखातील प्रत्येक मत मला पटले असे नाही. पण मतभेद झाला तरी चित्रपट अधिक दिसू लागला, आणि समीक्षकाकडून याहून अधिक काय मागावे?

पुढे ख्रिस्तसभेचा सूरही पालटत गेला. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी 'मिरांदा प्रोर्सुस' या परिपत्रकात प्रेक्षकांच्या शिक्षणाची आणि कॅथलिक समीक्षकांच्या जबाबदारीची दखल घेतली. १९२८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संस्थेने महोत्सवांतून परीक्षक मंडळे नेमली. १९५६ साली कान महोत्सवात सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चा तिने विशेष उल्लेख केला. १९६४ साली व्हेनिसमध्ये तिने पाझोलिनी या मार्क्सवादी दिग्दर्शकाच्या 'मत्तयकृत शुभवर्तमान' या चित्रपटाला पुरस्कार दिला.

आपल्या देशातही या वाटेने जाणारे एक येशूसंघीय धर्मगुरू होऊन गेले. कॅनडाचे फादर गास्तों रोबेर्ज १९६१ साली भारतात येताना वाटेत न्यूयॉर्कला थांबले आणि तेथे त्यांनी राय यांची अपू चित्रत्रयी पाहिली. ज्या बंगालात ते आयुष्य काढणार होते, त्याची पहिली ओळख त्यांना पडद्यावर झाली. १९७० साली त्यांनी कलकत्त्यात 'चित्रबाणी' ही संस्था स्थापन केली आणि कित्येक तरुणांना चित्रपट पाहायला व समजून घ्यायला शिकवले. २०२० साली त्यांचे निधन झाले.

त्या मातेला आज मी काय सांगेन? एका लेखावरून कोणावर विश्वास टाकू नका, असे सांगेन. आपण पाहिलेल्या पाच-सहा चित्रपटांवर एकाच समीक्षकाने लिहिलेले वाचा. त्याने आपल्या लोकांची चूक दाखवली आहे काय, विरोधकाचे चांगले मान्य केले आहे काय, पडद्यावरच्या गरिबाकडे आणि पाप्याकडे तो माणूस म्हणून पाहतो काय, एवढे तपासा. लहानग्यांसाठी यादीचा आधार अवश्य घ्या, परंतु मूल मोठे होत जाईल, तसे त्याच्या शेजारी बसून चित्रपट पाहा आणि घरी परतताना त्याला विचारा, "तुला काय दिसले?" आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराहून निराळे आले, तर घाईने त्याला गप्प करू नका.